तीन दिवसांचा नकार

“आजोबांचा नकार आहे, एवढं समोर बसून लिहून द्या, बाई,” डॉक्टर म्हणाले. “म्हणजे उद्या कुणी आमच्यावर बोट ठेवायला नको.”

दुभाषीबाईंनी खाटेजवळ स्टूल ओढलं. खाटेवर जहाजावरचा म्हातारा सुतार तापानं फणफणला होता. पायावर पत्रा पडून जखम चिघळली होती. त्याला इथं उतरवून जहाज पुढच्या बंदराला निघून गेलं होतं. बाकीचे खलाशी सर्बियन, तेव्हा हाही तसाच असणार, असं धरून इस्पितळानं बाईंना फोन लावला होता. तीन दिवस फोनवरून बाईंनी त्याला सर्बियनमध्ये एकच विचारलं, “पायाची दोन बोटं काढावी लागतील. काढू द्यायची ना?” तिन्ही दिवस तो क्षीण आवाजात म्हणाला, “ने.” सर्बियनमध्ये ‘ने’ म्हणजे नाही. बाईंनी डॉक्टरांना तसंच सांगितलं.

“भारी हट्टी आहेत आजोबा,” चादर सारखी करत सिस्टर म्हणाली. “पाण्याचा पेला पुढे केला तरी आधी ‘ने, ने’ करतात. मग घटाघटा पिऊन टाकतात.”

बाईंचं पेन कागदावर टेकलं ते तिथंच थांबलं.

सर्बियन ‘ने’ आणि आपला ‘न’ हे एकाच जुन्या मुळाचे. पण आणखी एक ‘ने’ आहे, अगदी वेगळ्या घराण्यातला. तो ग्रीकांचा. फार पूर्वी ते ‘नाई’ म्हणत. ऐकायला आपल्या ‘नाही’सारखा, पण अर्थ ‘होय, खरंच’.

बाईंना तोडकंमोडकं ग्रीक येत होतं. त्या वाकून म्हणाल्या, “तुम्ही ग्रीक आहात का?”

म्हाताऱ्यानं डोळे उघडले. “ने,” तो म्हणाला आणि मग त्याला बोलताना धाप लागली. तीस वर्षं तो सर्बियन सोबत्यांबरोबर राहिला होता, त्याला सगळं समजत होतं. पण तापात तोंडून घरचीच भाषा येत होती. “तीन दिवस सांगतोय, करा म्हणून. कुणी ऐकतच नाही.”

बाईंनी ते जसंच्या तसं सांगितलं. डॉक्टरांनी जखमेवरची पट्टी उचलून पाहिली. “पहिल्या दिवशी दोन बोटांवर भागलं असतं. आता निम्मं पाऊल जाईल.”

हेही सांगणं बाईंचंच काम होतं. एकही शब्द न गिळता त्यांनी ते सांगितलं. म्हाताऱ्यानं दोनतीन प्रश्न विचारले, पायाकडे पाहिलं आणि संमतीच्या कागदावर सही केली.

बाईंचं काम संपलं होतं. तरी त्या उठल्या नाहीत. “फोनवर मीच होते,” त्या त्याला ग्रीकमध्ये म्हणाल्या. “तुमचा होकार मी नकार म्हणून सांगितला. आता माझ्यावर भरवसा नसेल, तर मी जाते. दुसरं कुणीतरी पाठवते.”

म्हाताऱ्यानं त्यांच्याकडे पाहिलं. मग त्यानं मान हलवली आणि पुटपुटला, “ओही.” त्याचा हात चादरीवरून सरकत बाईंच्या मनगटापाशी आला.

“आता काय म्हणाले?” सिस्टरनं विचारलं.

“नाही म्हणाले.”

सिस्टरचा चेहरा पडला. “ऑपरेशनला?”

“नाही गं,” बाई म्हणाल्या. “माझ्या जाण्याला.”