पाटावरचं सातवं हत्यार

खंडेनवमीच्या सकाळी यशवंत मेस्त्रींनी पाटावर हत्यारं मांडली. करवत, पटाशी, हातोडी, गिरमिट, वाकस आणि वडिलांचा रंधा. मग खिशातून तांदळाएवढा एक दाणा काढून त्यांनी तो रंध्याशेजारी ठेवला.

"अहो!" त्यांची बायको सुलभा ओरडलीच. "पोटातून बाहेर पडलेलं ते, देवापुढे?"

"साबणाने धुतलंय दोनदा. आणि कापतं ते हत्यारच की!"

साठी उलटलेल्या सगळ्यांना आरोग्य केंद्रात हा यंत्रदाणा गिळायला देत. मेस्त्रींच्या आतड्यात तो आठ दिवस फिरला, त्याने तीन पॉलिप, म्हणजे आतल्या अस्तरावर वाढलेले मांसाचे कोंब, कापले आणि फोनवर कळवलं: दोन देठाचे, साधे होते. तिसरा चपटा, आतड्याच्या घडीत दडलेला. राहिला असता, तर पुढे त्याचाच कॅन्सर झाला असता. आणि मेस्त्रींच्या पोटात कधी साधी कळ आली नव्हती, की रक्ताचा थेंब दिसला नव्हता.

"बाबांना तर रक्त दिसत होतं," मेस्त्री हळूच म्हणाले. "मूळव्याध समजून दोन वर्षं सुरण खात राहिले."

सासऱ्यांना ती सुरणाची भाजी रोज सुलभाच करून वाढायची, चिंच घालून, अगदी मायेने.

तिने कुंकवाचा करंडा उचलला. दाणा इतका लहान, की बोट टेकेना. मग तिने उदबत्तीच्या काडीचं टोक कुंकवात बुडवलं आणि पहिला टिळा त्यालाच लावला. दुसरा, हात जोडून, सासऱ्यांच्या रंध्याला.