पाइपवरचे तीन ठोके

"कापला," प्लंबर म्हणाला आणि गंजक्या लोखंडी पाइपचा हातभर तुकडा त्याने स्वयंपाकघराच्या फरशीवर ठेवला. "आता तुमची कटकट संपली, मावशी."

मावशी त्या तुकड्याकडे बघत राहिल्या.

कटकट म्हणजे ठोके. मावशी तिसऱ्या मजल्यावर राहायच्या आणि त्यांची थोरली जाऊ पहिल्यावर. दोघींचे नवरे गेलेले, मुलं परगावी. रोज सकाळी सहाला थोरली खालून पाइपवर पळीने तीन ठोके मारायची. धाकटी वरून दोन मारायची. मग दोघी आपापल्या अक्षरात सोसायटीच्या सेक्रेटरीकडे तक्रार द्यायच्या, की ती दुसरी बाई पाइप बडवून जगणं नकोसं करते. अकरा वर्षं हे चाललं होतं. अबोलाही तेवढाच जुना. तो सासूच्या शिलाई मशीनवरून धरला होता. मशीन केव्हाच भंगारात गेलं, अबोला मात्र तेल घातल्यासारखा चालत होता. शेवटी सेक्रेटरीने हात टेकले आणि पाइपच बदलायला सांगितला.

प्लंबर गळती शोधायचा ती कानाने. स्क्रूड्रायव्हरचं टोक पाइपला लावायचा आणि मूठ कानाला. या विषयावर त्याला आजवर कोणी काही विचारलं नव्हतं. आताही नव्हतंच विचारलं, पण तो सुरू झाला.

"त्याचं असं आहे मावशी. हवेतून आवाज येतो तो रमतगमत, अर्धा वाटेतच सांडतो. लोखंडातून मात्र सुसाट. खाली टिचकी मारली की वर हजर. हा नवा प्लास्टिकचा, म्हणजे अंगानेच मऊ. खाली कितीही बडवा. लोखंड निरोप पोचवतं, प्लास्टिक गिळून टाकतं."

"काहीच नाही येणार वर?"

"काही म्हणजे काही नाही. गॅरंटी."

मावशी स्टुलावर बसल्या. "त्यांना मागच्या वर्षी अटॅक येऊन गेला," त्या म्हणाल्या. "तीन ठोके पडले की मला कळतं, आहेत. एकदा वीस मिनिटं उशीर झाला, तर माझे हातपाय गार पडले. आणि या बाई आपल्या झोपल्या होत्या."

प्लंबरने तो तुकडा उचलून भिंतीच्या भोकाशी धरून बघितला. तो परत जोडण्यातला नव्हता, हे त्याला बघायच्या आधीच माहीत होतं.

"मग अकरा वर्षं तक्रारी कशाला केल्यात?"

"त्यांनी केली. मग मी काय गप्प बसायचं?"

"फोन करत जा की रोज."

"अबोला आहे आमचा," मावशींनी त्याला समजावलं.

"मी सांगून येतो खाली."

"काय सांगणार, मी विचारलं म्हणून? खबरदार. म्हणजे मीच आधी बोलल्यासारखं होईल."

प्लंबरला फार वाईट वाटलं. इतक्या वर्षांच्या धंद्यात चांगलं काम करून इतकं वाईट त्याने कधी केलं नव्हतं. तरी पाइप त्याने नीट बसवला. दुसरं काय करणार?

दुसऱ्या दिवशी पावणेसहालाच तो सांधे तपासायच्या निमित्ताने हजर झाला. मावशी प्लास्टिकच्या पाइपला कान लावून उभ्या होत्या. सहा वाजले. मावशींनी सवयीने दोन ठोके मारले. पाइप नुसता भदभद वाजला. सहा दहा झाले.

"त्यांनी वाजवलं असेल का?" मावशींनी विचारलं.

"असेल की."

"आणि नसेल तर?"

गॅरंटी प्लंबरनेच दिली होती. सहा वीसला तो उठला. "मी जातो खाली. काय व्हायचं ते होऊ दे." या वेळी मावशींनी त्याला अडवलं नाही.

त्याने दार उघडलं. बाहेर थोरली उभी होती. एका हाताने कठडा घट्ट धरलेला, एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी. तिचा ऊर धपापत होता. प्लंबरला बाजूला सारून तिने आत पाहिलं. मावशी दिसल्यावर तिने डोळे मिटले.

"वरून उत्तर नाही आलं," ती म्हणाली. "म्हटलं, मेलीस की काय."

मावशींनी तिला दंडाला धरून आत घेतलं.

"तुमच्या आधी कशी जाईन, जाऊबाई?" त्या म्हणाल्या. "पहिला मान थोरलीचा."