तीस मीटर

ट्रेनरबाईंनी स्टॉपवॉचकडे दोनदा पाहिलं आणि आकडा वाचला. चार पूर्णांक दहा शतांश सेकंद. सुसाट गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होता. त्याने मान वर केली नाही.

क्लबच्या व्हरांड्यात विक्रमांची पाटी आहे, तिच्यावर त्याचा आकडा रंगवलेला आहे: तीस मीटर, ३.९८ सेकंद. सहा वर्षांपूर्वीचा. सुसाट हे नावही त्या दिवसापासूनच चिकटलं. खटपट करून त्याने स्कूटरचा नंबरसुद्धा ३९८ मिळवला होता. तेव्हाच्या संघातला आता तो एकटाच उरलाय. बाकीची पोरं यंदा आलेली. जुन्या कोचने शर्यत घेतली ती तेवढी एकदाच. पाय मॅचमध्ये दिसतात, घड्याळात नाही, असं म्हणून त्याने पुढे तो नाद सोडला.

नव्या ट्रेनरबाईंचा मात्र घड्याळावरच विश्वास. स्वतःच्या जुन्या वेळेपेक्षा कुणी सेकंदाच्या एका दशांशाहून जास्त घसरला की तो संघाबाहेर, असा त्यांचा नियम. संघाची यादी चार वाजता लागणार होती.

"सकाळी भिंतीपाशी तू बासष्ट सेंटीमीटर उंच उडी मारलीस," त्या म्हणाल्या. "वहीत सहा वर्षांपूर्वीचीही बासष्टच आहे. म्हणजे पायांत ताकद तेवढीच आहे. पाय थकलेले नाहीत. तू कचरतोयस."

म्हातारा झालास म्हणाल्या असत्या तर त्याने हसून सोडून दिलं असतं. पण कचरतोयस हा शब्द त्याच्या वर्मी लागला. तो कपडे बदलायला निघून गेला. जरा लांब चुन्याची गाडी घेऊन उभ्या असलेल्या काकांनाही वाईट वाटलं. बावीस वर्षं ते या मैदानावर रेघा मारतात, सगळे त्यांना चुनाकाका म्हणतात, आणि त्यांची रेघ वाकडी गेली असं म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचाय.

शंकू गोळा करताना काकांच्या बुटाला काहीतरी लागलं. गवतात बुडालेली लोखंडी खुंटी. सहा वर्षांपूर्वीच्या त्या शर्यतीच्या वेळी तीस मीटरवर त्यांनीच ठोकलेली. सकाळी बाईंच्या नव्या टेपने त्यांनी आखलेली रेघ मात्र खुंटीच्या पुढे, चांगली ढांगभर लांब होती.

नवा टेपच खोटा, असं म्हणत काकांनी शेडमधून आपला जुना टेप आणला. सुरुवातीच्या रेघेवर कडी अडकवली आणि चालत निघाले. तीसचा आकडा बरोबर खुंटीवर आला. काका खूश झाले. मग टेप गुंडाळत परत आले, कडी हातात घेतली आणि त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. कडीला लागूनच आकडा होता एक.

त्यांना सगळं आठवलं. गवत कापायच्या यंत्राखाली टेपचं टोक गेलं होतं. पहिला मीटर गेला म्हणून त्यांनी एकच्या आकड्यापाशी तारेने कडी बांधली होती. मोजताना एक मीटर जास्त धरायचा, हे आठवडाभर लक्षात ठेवलं. शर्यतीच्या दिवशी नेमकं विसरले. पोरं पळाली ती एकोणतीस मीटर.

मूग गिळून बसले असते तर कुणाला पत्ता लागला नसता. टेप शेडमध्ये गेला असता, खुंटी उपटता आली असती. काका थोडा वेळ खुंटीकडे बघत राहिले. मग टेप काखेत मारून कपडे बदलायच्या खोलीकडे चालू लागले.

सुसाट बुटांच्या नाड्या सोडून नुसताच बाकावर बसला होता. काकांनी आडवळणं न घेता सांगितलं, कडी दाखवली. चूक माझी, असं दोनदा म्हणाले. तो तारेवरून बोट फिरवत राहिला.

"एका मीटरला किती वेळ लागतो, काका?"

"तुला? डोळा मिटून उघडायला लागतो तेवढा."

"म्हणजे मी तितका वेगवान कधी नव्हतोच."

"नव्हतास," काका म्हणाले. "पण कमीही झाला नाहीस."

बाईंना कळलं तर पाटीवरचा आकडा जाणार, नाही कळलं तर तो स्वतः जाणार, हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. शेवटी त्याने काकांकडून टेप मागून घेतला आणि मोजे घातलेल्या पायांनीच बाईंच्या खोलीत गेला.

काचेतून काकांना दोघं दिसत होती. बाईंनी दोन्ही टेप फरशीवर शेजारी शेजारी पसरले आणि गुडघ्यांवर बसून आकडे पाहिले. मग टेबलाशी जाऊन यादीत एक ओळ वाढवली.

सुसाट बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे ओले होते आणि तो ते लपवत नव्हता. बाईंनी पाटीवरचा आकडा आजच खोडायला सांगितला होता. शेडमधून पांढरा रंग आणि ब्रश आणून काकांनी त्याच्यापुढे धरला. हा आकडा त्याचा, खोडायचा मानही त्याचाच, असं त्यांना वाटलं.

त्याने ब्रश हातात घेतला, पाटीपर्यंत नेला आणि थांबला. मग तो काकांच्या हातात परत दिला.

"रेघ तुम्ही मारा, काका. तुमची सरळ येते."