मांडणीतली ताटं

केमो संपल्यापास्नं आई स्वयंपाकघरात आली की मांडणीतली ताटं वाजायची. टक, टक, मंग एक ठोका गायब.

"केमोनं हृदय कमजोर हुतं, डॉक्टरनी सांगितलंय. चल, हृदयाचा इको काढू."

"येडे, दवाखाना सुटल्याचा नारळ फोडलाय म्या. परत जायाचं नसतं."

"मंग मी जेवत न्हाई!"

वढतच तिला कराडला नेलं. मशीनवर तसंच वाजलं. टक, टक, गायब.

"वेळेत आणलंस," डॉक्टर म्हणले. "गोळ्यांनी सावरंल."

महिन्याभरात ताटं गप झाली.

काल आईसंगं केमो घेतलेली बनुमावशी आली. "काय गं, आईला उगंच दवाखान्यात पळवलंस व्हय?" म्हणत तिनं हसत स्वयंपाकघराचा उंबरा वलांडला.

ताटं वाजली.

"मावशी," मी म्हणले, "चपला घाला."