शेवंताच्या अंगातली देवी

कुणाच्या अंगात यायचं हे देवी स्वतः ठरवते, तिथं माणसाचं काही चालत नाही. त्या श्रावणात तिने नऊ वर्षांची शेवंता निवडली. तीही आदल्याच महिन्यात घसा सुजून पडलेली.

शेवंताचे हात आपोआप नाचायला लागले, तोंड वेडंवाकडं व्हायला लागलं. एरवी पाठीत धपाटे घालणारी आजी तिच्या पाया पडली. बायका पेढे घेऊन येऊ लागल्या. आज नातवंडं झाली तरी ते दिवस आठवले की शेवंता हळहळते. एवढा मान तिला पुन्हा कधी मिळाला नाही. फक्त पेढा स्वतःच्या तोंडापर्यंत नेता येत नव्हता.

तो भरवता भरवता आईला रडू फुटलं, आणि तिने शेवंताला उचलून थेट दवाखाना गाठला.

"देवी नाही, बाई. घशातल्या संसर्गानं मेंदूत गोंधळ घातलाय. उशीर केला असतात तर हृदयाच्या झडपाही गेल्या असत्या," म्हणत डॉक्टरांनी पेनिसिलिन टोचलं.

हळूहळू हात शांत झाले. पेढे बंद झाले.

मग आईने दबक्या आवाजात विचारलं, "डॉक्टर, ही सुई आमच्या सासूबाईंना चालंल का? दर मंगळवारी अंगात येतं त्यांच्या."

डॉक्टरांनी आजीला तपासलं. घसा ठणठणीत होता.