लांबची लेन्स

आयुष्यातला पहिला मोठा कॅमेरा घ्यायला धनलाल पटले गोंदियाच्या दुकानात उभे होते.

"काका, फोटो कायचे काढता?" दुकानदाराने विचारलं.

"घरचेच. नातू हाय दोन वर्साचा."

"मंग ही छोटी लेन्स बस झाली. ही लांबवाली पक्ष्यांसाठी. सारस पाहाले जाऊन राहिले का?"

धनलालांनी लांब लेन्स डोळ्याला लावली. रस्त्यापलीकडच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई कपाळावरच्या टिकलीसकट दिसली.

"हीच दे. छोटी नाही पायजे."

"अहो, घरच्या पोराले इतक्या दुरून कोन पाह्यते?" दुकानदार हसला. धनलाल हसले नाहीत.

कामठ्याच्या तलावाच्या अलीकडे त्यांचं घर, पलीकडे मुलीचं. सोनिकाने जातीबाहेर लग्न केलं तेव्हा त्यांनी समाजाच्या बैठकीत शब्द दिला होता: मी तिच्या दारात जाणार नाही, तिला माझ्या दारात येऊ देणार नाही. चार वर्षं तो शब्द पाळला. नातू त्यांनी पाहिला तो ठिपक्याएवढाच.

संध्याकाळी ते तलावाच्या पाळीवर बसले आणि कॅमेरा डोळ्याला लावला. पलीकडच्या काठावर सोनिका मुलाला खेळवत होती. लांब लेन्सची काच उन्हात चमकली तशी तिने मान वर केली, इकडे पाहिलं. मग पदराने मुलाचं तोंड पुसलं, बोटांनी केस सारखे केले आणि त्याला बरोबर त्यांच्याकडे तोंड करून उभं केलं.



मग फोटोत आपण येऊ नये म्हणून ती बाजूला सरकली.