एक बोट कमी

मेलेल्या पोपटांत पेंढा भरून ते ऑनलाइन विकणाऱ्यांविरुद्ध आमच्या पक्षीमित्र मंडळानं आघाडी उघडली होती. गिऱ्हाईक बनून फोन करायचा आणि गोड बोलून पत्ता काढायचा, हे काम माझ्याकडे. माझा आवाज भोळा आहे म्हणे.

त्या दिवशी फोन स्पीकरवर होता. अध्यक्षकाका शेजारी पेन सरसावून बसले होते.

"मारलेला नाही हो ताई, एवढं पाप कुठे फेडू?" विकणारा म्हणाला. "माणसाळलेला होता. कुणीतरी पिंजऱ्यातून सोडला असणार. खिडक्याखिडक्यांवर चोच आपटत हिंडायचा आणि ओरडायचा, 'आई, दार उघड!' एका सकाळी आमच्या खिडकीखाली मरून पडलेला दिसला. डाव्या पायाचं एक बोट तेवढं कमी आहे, आधीच सांगून ठेवतो."

ते बोट आमच्याच पिंजऱ्याच्या दारात सापडून तुटलं होतं. आणि ती हाक माझ्या लेकीची. शाळेतून आली की ती अशीच ओरडायची, तिच्याकडूनच त्यानं उचलली होती.

"पत्ता विचार," काका कुजबुजले.

गेल्या वर्षी मी मंडळात आले, तेव्हा काकांच्याच सांगण्यावरून त्याला सोडलं होतं. "घराची सवय सुटेपर्यंत खिडकी उघडायची नाही," असंही त्यांनी बजावलं होतं.

आठ दिवस तो काचेवर चोच आपटत राहिला. मी पडदा ओढून बसले. नवव्या दिवशी आवाज थांबला, तेव्हा खिडकी उघडली.

ती अजून उघडीच आहे.